डावा गुडघा

बनारसच्या पंचगंगा घाटावर बांबू उभे राहिले की आमच्या गल्लीत कार्तिक लागतो. घरात मात्र तेव्हा अजून आश्विनच असतो. इथल्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आम्हा मराठी घरांचा अमावास्येला, आणि आई भिंतीवर दोन्ही पंचांगं लटकवून दोन्हींशी इमान राखते. लहानपणी मला वाटायचं, कार्तिक आधी नदीवर येतो, तिथे पंधरवडाभर दम खात बसतो आणि मग पायऱ्या चढून, मंगला गौरीच्या गल्लीतून, आमच्याकडे पोचतो. आईसारखा. मध्येमध्ये थांबत, उजवा हात उजव्या गुडघ्यावर ठेवून, ‘चला, झालंच आता’ असं त्या गुडघ्याला समजावत.

आईची ही चाल मी इथे पुन्हापुन्हा सांगणार आहे. ती सांगायचा मला फारसा अधिकार उरलेला नाही, तरी सांगणार आहे.

यंदा बांबू उभे राहत असतानाच मी बनारसला आलो. पुराचं पाणी ओसरलं होतं आणि पायऱ्यांवर बसलेला गाळ पंपाच्या धारेनं धुऊन काढणं चालू होतं. गाळ गेला तरी त्याचा वास आठवडाभर राहतो. ओली माती, शेवाळं, कुठेतरी अडकून कुजलेला झेंडू. हा वास आला की माझे कान आपोआप गरम होतात. कारण लहानपणी याच दिवसांत आई माझ्या कानांवरून मफलर असा काही आवळायची की तिची हाक मला पाण्याखालून आल्यासारखी ऐकू यायची. थंडी अजून मथुरेच्याही पलीकडे असायची. पण आईच्या मते थंडी आल्यावर कान बांधण्यात काय अर्थ? ती यायच्या आधी बांधायचे.

संध्याकाळी घाटावर आकाशदीप चढायचे. उंच बांबूच्या टोकाला कप्पी, कप्पीवरून दोरी, दोरीला वेताची टोपली आणि टोपलीत पणती. गेलेल्या माणसांना वाट दिसावी म्हणून महिनाभर रोज हे दिवे वर जातात. टोपली सरळ जात नाही. थोडी चढते, अडते, डोलते, पुन्हा चढते. मी बाबांना एकदा विचारलं होतं, वरून कुणाला दिसत असेल का हे? बाबा शाळेत गणित शिकवायचे, त्यांना नाही म्हणणं सोपं होतं. पण ते म्हणाले, ‘कोणी असेलच तर त्याला दिसेल. आपण लावून ठेवायचा.’ माझ्या डोक्यात आभाळ, ग्रह, यानं, दूरचे कोणीतरी हे सगळं शिरलं ते त्या टोपलीतून. आता त्या दिव्यांतला एक बाबांचा असतो.

मी पुण्यात लहान मुलांसाठीच्या अ‍ॅनिमेशनच्या गोष्टी लिहितो. वयाची पन्नाशी ओलांडलेला माणूस दिवसभर बोलणारी खारोटी आणि रुसलेले उपग्रह यांच्यात असतो, हे सांगताना लोक हसतात, मीही हसतो. काही वर्षांपूर्वी आमचा एक मोठा सिनेमा आला. घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावा असा, अंतराळातला, आणि आईबद्दलचा. गोष्ट माझीच होती. दूरच्या एका ग्रहावर माणसांची वस्ती आहे. एका छोट्या मुलीची आई लांबच्या मोहिमेवर गेली आहे आणि मुलीला सांभाळायला एक यंत्र ठेवलं आहे. हिंदीत त्याचं नाव मशीन-अम्मा. पृथ्वीवरच्या जुन्या चित्रफिती बघून ते आईपण शिकलंय, आणि अर्थातच भलतंच शिकलंय. जिथे वारा म्हणून नाही तिथे ते मुलीचे कान बांधतं. यान सुटायच्या आधी तिच्या हातावर दही ठेवतं, आणि ते दही तरंगत जाऊन छताला चिकटतं. झोपलेल्या मुलीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघतं आणि तेवढ्यानं तिची झोप मोडतं. शेवटी खरी आई परत येते, मुलगी धावत सुटते, यंत्र मागे राहतं. आईला पर्याय नाही, असं सांगणारा सिनेमा होता तो.

खऱ्या आईची वाक्यं लिहिताना मी आमच्या सोसायटीतल्या नीटनेटकं बोलणाऱ्या बायका डोळ्यांपुढे ठेवल्या. ती आई हळू बोलते, समजून घेते, मुलीच्या उंचीवर खाली बसून तिच्या डोळ्यांत बघते. माझ्या आईनं मला असं कधी केलेलं नाही. तिला खाली बसलं की उठता येत नाही. यंत्रासाठी मात्र मला कुणाला शोधावं लागलं नाही. मफलर, दही, नाकाशी धरलेलं बोट, सगळं आमच्या दोन खोल्यांतलं. लिहिताना हे माझ्या लक्षातच आलं नाही, असं म्हणायची सोय आहे. पण आलं होतं. हसू येत होतं म्हणून लिहीत गेलो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी कदाचित मला तोंड दाखवायला जागा राहिली असती.

अ‍ॅनिमेशनमध्ये एखादं पात्र कसं चालेल हे बसल्याजागी सुचत नाही. खऱ्या माणसाला चालायला लावतात, त्याचं चित्रण करतात आणि ते समोर ठेवून एकेक हालचाल पात्रावर उतरवतात. यंत्राची चाल काही केल्या जमत नव्हती. आमच्याकडे हे काम करणारा निखिल नावाचा मुलगा ऑफिसच्या जिन्यावर स्वतः लंगडून बघायचा आणि वैतागून खाली बसायचा. म्हणायचा, ‘सर, जुनाट पाहिजे, पण गोड पाहिजे. आणि हसू आलंच पाहिजे.’

मी म्हटलं, बघतो. तेव्हाही कार्तिकच होता, आणि मी बनारसला निघालो होतो.

आई पहाटे गंगेवर जायची. मी तिच्याबरोबर जाणं कॉलेजच्या आधीच सोडलं होतं. त्या दिवशी मी चपला घालून दारात उभा राहिलो तर तिनं हातातली पिशवी खालीच ठेवली.

‘तब्येत बरी आहे ना तुझी?’

‘बरी आहे. येतो तुझ्याबरोबर.’

गल्लीत भेटलेल्या प्रत्येकाला तिनं ते सांगितलं. दूधवाल्याला, फुलवालीला, चबुतऱ्यावर दात घासत बसलेल्या शेजाऱ्यांना. ‘बेटा आया है. आज साथ में आया है.’ फुलवाली म्हणाली, ‘तब तो माई आज दू डुबकी बेसी लगाइहें!’ आणि त्या दोन जास्तीच्या डुबक्यांवर आई लहान मुलीसारखी लाजली.

तिची अंघोळ झाली. ऊन नुकतंच पाण्यावर उतरलं होतं. मी भराभर पायऱ्या चढून वर गेलो आणि मोबाइल धरला. ती चढू लागली. एका हातात तांब्या, काखेत ओल्या लुगड्याची पिशवी, उजवा हात गुडघ्यावर. प्रत्येक पायरीवर अंग आधी डावीकडे कलायचं, मग तो हात गुडघ्याला ढकलल्यासारखं करायचा, आणि मग सगळी ती वर यायची.

‘आई, मोबाइलकडे बघू नको. नेहमीसारखी ये.’

‘नेहमीसारखीच येतेय रे. दुसऱ्या कोणासारखी येऊ?’

मला हसू फुटलं. तिनं ते पाहिलं.

‘काय हसतोस?’

‘काही नाही. मस्त येतंय.’ आणि मग, ‘परत एकदा येशील? ऊन मध्ये आलं.’

‘परत? एकदम खालून?’

‘अर्ध्यातून आलीस तरी चालेल.’

ती एकदम खालून आली. आणि या वेळी ती जास्त लंगडली. थांबली की कमरेवर हात ठेवून डोळे मोठे करायची, तोंडानं ‘हुश्श’ करायची, आणि प्रत्येक वेळी वर माझ्याकडे बघायची, मी हसतोय ना ते. मी हसत होतो. वर पोचल्यावर ती गुडघा चोळत म्हणाली, ‘नीट आलं का? नाही तर परत जाते.’

‘पुरे. झालं.’

‘कशाला रे हे?’

‘असंच. आठवण.’

घरी जाताना तिनं मला मलइयो खाऊ घातली, मातीच्या कुल्हडमधला तो दुधाचा केशरी फेस, जिभेवर टेकेपर्यंत नाहीसा होणारा. तिनं स्वतः घेतली नाही, गार बाधतं म्हणून. माझ्या ओठांवरचा फेस पदरानं पुसला. मी मान मागे घेतली. रस्त्यात लोक होते.

ही मान मागे घ्यायची सवय मला कधी लागली, याचा मी या महिन्यात बराच विचार केला. पुण्याच्या वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात मुलं माझ्या बोलण्याला हसली होती. मराठीत मध्येच ‘जल्दी’ आणि ‘परेशान’ म्हणणारा मुलगा त्यांनी पाहिला नव्हता. मी ते भराभर धुऊन काढलं, पंपानं गाळ काढतात तसं. आईचा फोन आला की खोलीबाहेर जायचो. पुढे ती पुण्याला राहायला यायची, तेव्हा सोसायटीच्या जिन्यावर मी नेहमी तिच्या पुढे असायचो. ती मागून ‘चला, झालंच आता’ म्हणत यायची, दारं उघडायची, शेजारी कौतुकानं हसायचे. त्या कौतुकाचाही मला राग यायचा. मी वर जाऊन कुलूप काढत असायचो, म्हणजे पुढे असण्याला कारण मिळायचं.

त्या चित्रणावर ऑफिसातले सगळे फिदा झाले. निखिल खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत म्हणाला, ‘सर, कोण आहे ही आजी? कमाल आहे!’

‘घाटावरची एक बाई,’ मी म्हणालो.

त्यानं चाल उतरवली. यंत्र पडद्यावर चालायला लागलं, आणि ती आईच होती. पत्र्याचं अंग, दिव्यांचे डोळे, आणि आई. तेव्हा मी थांबवू शकत होतो. मी निखिलला म्हणालो, ‘हे उलटव. आरशात दिसतं तसं. उजव्याचं डावं कर.’ त्यानं का म्हणून विचारलं नाही. एवढंसं काम होतं. यंत्र डाव्या गुडघ्यावर डावा हात ठेवून चढायला लागलं आणि मला वाटलं, झालं, आता ते कुणाचंच नाही.

सिनेमा लागला तेव्हा मी आईला इथल्या मॉलमधल्या थिएटरात घेऊन गेलो. तिनं लग्नाकार्यातली जांभळी साडी नेसली, पर्समध्ये माझ्यासाठी बेसनाचे लाडू घेतले आणि ते सुरक्षारक्षकानं बाहेर काढायला लावले, तेव्हा त्यालाच एक देऊन टाकला. अंधार झाला. यंत्र पहिल्यांदा जिना चढलं आणि सगळी पोरं खदखदली. आईही हसली, सगळ्यांत मोठ्यानं. दह्याला हसली. मफलरच्या वेळी जरा कमी हसली. यंत्र दुसऱ्यांदा जिना चढत होतं तेव्हा तिनं माझ्या मनगटाला हात लावला.

‘अरे, ही माझ्यासारखी नाही का चालत?’

आवाजात तक्रार नव्हती. उलट थोडी उत्सुकता होती, आपला फोटो कुणी पेपरात छापला की काय, अशी. तेव्हा हो म्हटलं असतं तर काय झालं असतं? ती कदाचित रुसली असती. कदाचित गल्लीभर सांगत सुटली असती. मी म्हणालो, ‘छे! नीट बघ. ते डावा गुडघा धरतंय. तुझा उजवा.’

तिनं पडद्याकडे बघितलं. मग अंधारातच स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून खात्री केली.

‘हां. ते पण खरंच.’

बाहेर पडताना म्हणाली, ‘त्या मशीनचं काय झालं पुढे?’

‘काही नाही. यंत्र होतं ते.’

‘हो, पण त्या पोरीनं जाताना एकदा मागे बघायला पाहिजे होतं. इतकं केलं बिचारीनं.’

गोष्टीवर काम करत असताना आम्ही कित्येक बैठका घेतल्या. मुलीनं मागे वळून बघावं, हे कुणालाही सुचलं नव्हतं. मला तर नाहीच.

त्यानंतर कार्तिकात मी येत नव्हतो. काम असायचं, म्हणजे मी ते काढायचो. फोनवर ती सांगायची, दिवा चढला, पाणी गार आहे, माकडांनी गच्चीवरची डाळ सांडली. तिचं घाटावर जाणं बंद झालंय, हे तिनं कधीच सांगितलं नाही.

ते मला यंदा कळलं. पहिल्या दिवशी पहाटे ती उठली, आणि बाथरूममध्ये प्लास्टिकच्या डब्यातलं गंगाजल बादलीत ओतून तिनं तिथेच अंघोळ केली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी म्हटलं, ‘जात नाहीस?’ ती म्हणाली, ‘गुडघा.’ पण दुपारी गच्चीचा जिना ती दोनदा चढली, हातात पापडांचं ताट घेऊन. आणि चढताना मी बघतोय हे दिसल्यावर तिनं गुडघ्यावरचा हात काढला. ताठ झाली. कठड्याला धरून, ओठ आवळून, सरळ चालत वर गेली. अशी चालताना मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं. ती दुसऱ्याच कुणाची तरी आई दिसत होती.

मागोमाग मी गच्चीवर गेलो. माकडांसाठी लावलेल्या जाळीतून ऊन पडलं होतं आणि ती स्टुलावर बसून, दिव्याची टोपली घेऊन तिच्या वेताच्या काड्या सारख्या करत होती. बाबांचा दिवा आता घाटावरचा एक नावाडी चढवतो. ती फक्त टोपली आणि तेल पाठवते.

‘आई, गुडघ्याचं नाही हे. काय झालंय?’

ती काड्या सारख्या करत राहिली. मग म्हणाली, ‘पोरं हसतात.’

‘कोण पोरं?’

‘घाटावरची. तुझा तो सिनेमा आहे ना, आता मोबाइलवर बघतात सगळी. मी चढायला लागले की मागून चालतात, हात असा ठेवून.’ तिनं डावा हात डाव्या गुडघ्यावर ठेवून दाखवला. ‘मशीन-अम्मा, मशीन-अम्मा करतात. आता मी काय करू? देवानं आम्हा दोघींना एकच चाल दिली, त्यात त्या पोरांचा काय दोष? आणि तुझा पण काय?’

मी कठड्याला टेकलो.

‘सुरू कोणी केलं ठाऊक आहे? आपल्या खुशीनं.’ खुशी म्हणजे खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातली मुलगी, आईच्या हातची आमटी पिऊन वाढलेली. ‘सगळ्यांना सांगत सुटली, ई हमारी दादी हैं, दादी पर फिलिम बना है. मी तिला बोलावलं. म्हटलं, झूठ नहीं बोलते. अंकल ने खुद बताया है, वो बायाँ पैर है, हमारा दाहिना है. ती ऐकेचना. म्हणे, दादी, आप ही हैं, बस उल्टा है. मला राग आला रे. कान धरायला लावले तिला. त्यावर तिच्या आईनं आणखी एक थापड लगावली. तेव्हापासून पोरगी वर येत नाही.’

टोपली तिनं मांडीवर ठेवली. ‘जरा जास्तच बोलले मी. पण खोटं कशाला बोलायचं?’

खालून कुणाच्या तरी घरातून फोडणीचा वास आला. जाळीवर एक माकड येऊन बसलं आणि आमच्याकडे बघत राहिलं. माकड कंटाळून निघून गेलं.

‘आई, ती तूच आहेस.’

‘काय?’

‘ती चाल तुझीच आहे. त्या वेळी घाटावर मोबाइलवर घेतली होती ना, त्यावरून केली. कान बांधणं, दही, तेही तुझंच. खुशी खोटं बोलत नव्हती. मी बोललो.’

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं अगदी कामाचा प्रश्न विचारला. ‘मग डावा कसा?’

‘मी उलटवायला लावला.’

‘का?’

मी जाळीकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती रडेल याचीही मी तयारी ठेवली होती. पण तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला आणि त्यावर जे आलं ते माझ्यासाठी नव्हतंच.

‘अरे देवा,’ ती म्हणाली. ‘मी त्या लेकराला कान धरायला लावले.’

आणि ती उठली. कठडा न धरता, उजव्या गुडघ्यावर हात ठेवून.

‘ती टोपली घे. चल.’

खाली खुशीच्या आईनं सांगितलं, पोरगी दिवे बघायला घाटावर गेली आहे. ‘का भइल माई?’ तिनं घाबरून विचारलं. आई म्हणाली, ‘कुछ नहीं. हमसे गलती हुई है.’ तिनं ‘हमसे’ म्हटलं. मी तिच्या मागे उभा होतो, टोपली धरून.

मंगला गौरीवरून खाली पंचगंगेला उतरणाऱ्या पायऱ्या उंच आहेत. मी पुढे झालो नाही. उतरताना पुढे कोणी असलेलं बरं असतं, हात द्यायला, पण तेवढीही सोय मला घ्यावीशी वाटली नाही. मी तिच्या शेजारून, एकेक पायरी, तिच्या वेळेनं उतरलो. ऊन गेलं होतं. नदी राखाडी, तिच्यावर एक पातळ धूर. बांबू ओळीनं उभे होते आणि काहींच्या टोपल्या चढायला लागल्या होत्या. घाटाच्या कठड्यावर पोरांचा थवा बसला होता. आई दिसली मात्र, दोघंतिघं उठलेच, हात डाव्या गुडघ्यांवर. ‘आ गईं, मशीन-अम्मा आ गईं!’

खुशी उठली नाही. ती कठड्याच्या टोकाला बसली होती आणि आम्हाला बघून तिनं आधी दोन्ही कान झाकले.

आई तिच्यापुढे जाऊन थांबली. दम लागला होता. ‘खुसी बेटा,’ ती म्हणाली, ‘कान छोड़ो. तुम सच बोली थी. वो हम ही हैं.’

खुशीनं हात काढले, पण खाली घेतले नाहीत, अजून भरवसा नसल्यासारखे वरच ठेवले.

‘अंकल बताए?’

‘हाँ. अभी बताए.’

तिनं माझ्याकडे पाहिलं. कुणी माझ्याकडे तसं बघणं मी फार दिवस टाळलं होतं, बघणारी आठ-नऊ वर्षांची पोर असेल हे मात्र माहीत नव्हतं.

‘तो उल्टा काहे कर दिए, अंकल?’

आई म्हणाली, ‘शरम लगी होगी.’

‘किससे?’

आता आईही माझ्याकडे बघत होती. गच्चीवरचा तिचा ‘का’ अजून तिथेच होता, तिनं तो पायऱ्यांवरून खाली आणला होता. आजवर तिला जे जे मी सांगितलं नव्हतं, ते सगळं एका शब्दात बसत होतं आणि तो शब्द मला तिच्या तोंडावर म्हणायचा होता.

‘इनसे,’ मी म्हणालो.

खुशीनं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

‘दादी से?’ आणि ती हसली. खळखळून, मागे रेलून, शेजारच्या पोराच्या खांद्यावर थाप मारत. ‘अरे, दादी से!’ आमच्या अख्ख्या सिनेमात तिला इतकं हसू आलं नसेल. मग बाकीची पोरंही हसायला लागली, कशाला ते न कळता.

आई हसली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं, जरा जास्त वेळ. मला माफ केलं की नाही ते तिनं तेव्हा सांगितलं नाही, पुढेही नाही, आणि मी विचारलेलं नाही. ती खुशीला म्हणाली, ‘कल ऊपर आना. आमटी बनाएँगे.’ आणि नावाड्याच्या हातातली दोरी घेऊन तिनं माझ्या हातात दिली.

‘ओढ. हळू. तेल सांडेल.’

बाबांची टोपली चढू लागली. थोडी वर, मग अडली, डोलली, पुन्हा वर. मला सवय नव्हती म्हणून ती जरा जास्तच अडत होती. पोरांतलं एक जण म्हणालं, ‘देखो, दीया भी दादी जइसा चढ़ता है.’ या वेळी कुणी हसलं नाही. सगळे वर बघत होते.

परत निघालो तेव्हा पायऱ्यांवर दिव्यांचा उजेड पडला होता. मी तिच्या मागे राहिलो. ती थांबली की थांबत होतो. ती डावीकडे कलायची, उजव्या हातानं गुडघ्याला ढकलायची, आणि वर यायची.

‘पुढे हो ना,’ ती मागे न बघता म्हणाली. ‘मला वेळ लागतो.’

‘असू दे.’

काही पायऱ्या गेल्या. मध्यावर ती थांबली, श्वास घेतला.

‘चला, झालंच आता,’ ती म्हणाली. मला नाही, गुडघ्याला.